मामांच्या हातातली पराणी

परवा सकाळी चहा घेता घेता मोबाईल उघडला आणि माझं डोकंच फिरलं. सुखदेवमामांना जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांच्या चाहत्यांच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा फोटो आला होता. वर 'भावपूर्ण आदरांजली', दोन्ही बाजूंना समया, झेंडूची फुलं, मध्ये छकड्यावर उभे मामा, आणि मामांच्या उजव्या हातात पराणी. खाली हात जोडलेल्या चित्रांची ही रांग. एकालाही वाटलं नाही की अरे, हे काय आहे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बैलाला काठीचं टोक लावलं नाही, त्याच्या हातात मेल्यावरसुद्धा खिळा ठोकलेली काठी. बायको म्हणाली, "चहा सांडून राह्यला लुंगीवर." म्हटलं, सांडू दे.

लोक म्हणतील, एवढं काय त्यात. हेच तर, 'एवढं काय त्यात' ऐकून ऐकून मामा गेले. म्हणून सांगतो.

मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, पण अमडापूरच्या आसपास लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे मला डॉक्टरच म्हणायचे, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे शंकरपटाचं भारी वेड. पट म्हणजे बैलांची शर्यत. दोन बैल, हलका छकडा, त्यावर उभा राहून जोडी पळवणारा धुरकरी, आणि शेवटच्या रेघेवर घड्याळ घेऊन बसलेले पंच. मामा धुरकरी होते. स्वतःची पटाची जोडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. लोक आपापले बैल घेऊन यायचे आणि म्हणायचे, मामा, तुम्ही पळवा.

बुटका माणूस. डोक्याला पांढरा दुपट्टा, पायात टायरच्या चपला, आणि तोंडात कायम लवंग. पटाच्या दिवशी ते जेवायला मांडवात कधी बसले नाहीत. भाकर आणि ठेचा घेऊन बैलांजवळ जायचे, तिथंच मातीत मांडी घालायचे. कोणी म्हटलं, मामा, मांडवात पुरी-भाजी आहे, तर म्हणायचे, "ज्याच्यासंग पळाचं, त्याच्यासंग खाव लागते." पट जिंकला की लोक यांना खांद्यावर घ्यायला धावायचे आणि हे जोडी घेऊन दुसऱ्या टोकाला चालू लागायचे. बैलाचा दम खाली बसेपर्यंत हे आपले त्याच्याबरोबर फेऱ्या मारणार. तोवर तिकडं ढाल घेऊन सरपंच ताटकळत उभा. मामांना त्याचं काहीच नव्हतं.

इतर धुरकरी काय करायचे ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि नंतर जखमा माझ्याकडेच यायच्या. शेपट्या पिरगाळायच्या. पराणी तर विचारूच नका. टोकाला खिळा असलेली ती काठी पुठ्ठ्यात, मागच्या मांडीच्या वर, खुपसली की बैल जिवाच्या आकांतानं पळणारच. त्याला काय अक्कल लागते? मामा नुसता उजवा हात वर करायचे. पंजा उघडा. जिभेनं एक टिचकी वाजवायचे आणि बैलाचं नाव घ्यायचे, घरच्या माणसाला आतल्या खोलीतून हाक मारावी तसं. जोडी सुटायची. कधी जिंकायची, कधी हरायची. दर वेळी जिंकायची असं मी सांगणार नाही, कारण ते खोटं होईल, आणि मामांबद्दल खोटं बोलणारे आधीच फार झालेत.

पराणी काऊन घेत नाही, असं त्यांना कोणी विचारलं की लोकांना मोठी कहाणी ऐकायची असायची. मामा म्हणायचे, "मले गरज नाही पडली." संपलं.

त्यांची एक रीत होती. कोणी बैल घेऊन आला की आधी पाठीवरून, मग पुठ्ठ्यावरून केसांच्या उलट दिशेनं तळवा फिरवायचे. केसांखाली जुना वण लागला की तळवा थांबायचा. एकदा एक मोठा बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर, पांढरीशुभ्र देखणी जोडी घेऊन आला. अर्धं गाव पाहायला जमलं होतं. मामांनी हात फिरवला आणि विचारलं, "याले टोचलं काऊन?"

"मी नाही मामा, आधीच्या धुरकऱ्यानं टोचलं," बागायतदार म्हणाला.

"अन तुमी कुठी होते?"

बागायतदार जमलेल्या लोकांकडे पाहू लागला. मामा म्हणाले, "बैल तुमचा हाय तं टोचू काऊन देल्लं? घेऊन जा. औंदा याले पळवू नका, चारा घाला. पुढल्या साली आणा, मी पळवतो." एवढ्या लोकांसमोर. बागायतदार तणतणत गेला. पण पुढल्या वर्षी आला, आणि मामांनी खरंच ती जोडी पळवली.

मधली काही वर्षं पट बंद होते. बंदी आली तेव्हा आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं. जो तो कोर्टाला शिव्या देत होता. आणि हा माणूस भर बाजारात, चहाच्या टपरीवर बसून म्हणाला, "बराबर झालं. आपुनच बंद पाडला. खिळे कोनं ठोकले होते, जजानं?" लोक मारायला उठले होते. एकानं तर म्हटलं, मामा पैसे खाऊन बोलून राह्यला. त्यानंतर कितीतरी दिवस पटाच्या शौकिनांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मामांचं सगळं आयुष्य पटात गेलेलं, बंदीनं त्यांच्याइतकं कोणाचंच गेलं नव्हतं. तरी बोलले. मग नियम घालून पट पुन्हा सुरू झाले. पराणी नाही, शेपूट पिरगाळायची नाही, आधी बैलांची तपासणी. आणि ज्यांनी शिव्या दिल्या होत्या तेच मामांना शोधत आले, कारण आता सगळ्यांनाच बिनपराणीचा धुरकरी हवा होता.

इथून मोबाईलची भानगड सुरू होते.

कोणीतरी मामांचा व्हिडिओ काढून टाकला. हात वर, पंजा उघडा, जोडी सुसाट. तो इतका फिरला की विचारू नका. चिखलीत फ्लेक्स बोर्ड आणि टी-शर्ट छापायचं दुकान असलेला पंकज, आणि मूळचा आमच्याकडचा पण पुण्यात कंपनीत असलेला नीलेश, या दोघांनी मिळून ग्रुप काढला. नाव ठेवलं 'फक्त सुखदेवमामा'. पाहता पाहता ग्रुप भरला. त्यात मेहकरचे, मोताळ्याचे, पार सुरतेत कामाला गेलेले लोक. निम्म्यांनी पट कधी उभा राहून पाहिलेला नाही. पाहू नये असं नाही, पण मग गप्प तरी बसावं.

मामांनाही त्यात घेतलं होतं. ते हरखून गेले. लिहिता येत नव्हतं फारसं, म्हणून बोलून पाठवायचे. "राम राम मंडळी, मी सुखदेव बोलून राह्यलो," अशी सुरुवात, मागं गोठ्यातल्या घंटा, मधूनच मामींचा आवाज, "पाणी तापलं, आंघोळ करा." मामा मामींना उत्तर द्यायचे तेही त्यातच जायचं. कोणाचा बैल खात नाही, कोणाच्या बैलाचा खूर दुखतो, मामा सकाळ-संध्याकाळ सांगत बसायचे. मला म्हणायचे, "डॉक्टर, तुमचा दवाखाना आता माह्या खिशात आला."

मग निघाली टी-शर्टची टूम. मामांच्या नावाचा शर्ट, सगळ्यांनी घालायचा, पटाला एकसारखं जायचं. आठ-पंधरा दिवस ग्रुपवर दुसरं काही नव्हतं. काळा की पिवळा? काळ्यात रुबाब आहे, पण उन्हात मरशीन का बे? कॉलर पाहिजे, कॉलरशिवाय गंजीफ्रॉक वाटतो. गोल गळाच आजकाल चालतो, कॉलर मास्तर लोक घालतात. मामा छातीवर की पाठीवर? पाठीवर घेतले तर खुर्चीत बसल्यावर मामांवर टेकू का? मागं काय लिहायचं यावर दोघं इतके भांडले की एक जण ग्रुप सोडून गेला आणि संध्याकाळी परत आला. मी आणि मामा त्यांच्या ओट्यावर बसून हे ऐकायचो आणि हसायचो. मामांचं मत एकच होतं. म्हणाले, "लाल नको रे बाप्पा, बाकी कोनताई घ्या."

आणि एका दुपारी पंकजचं डिझाईन आलं. मी तिथंच होतो, मामींनी चहा ठेवला होता. मामांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पुन्हा मोठं केलं. मोबाईल माझ्याकडे दिला. "डॉक्टर, हे काय हाय माह्या हातात?"

व्हिडिओतलाच फोटो होता. तोच वर केलेला हात. पण उघडा पंजा मिटवून त्यात पराणी बसवली होती. टोकाच्या खिळ्यावर चमक मारली होती. खाली ग्रुपचे लोक तुटून पडले होते. कडक. एक नंबर. मामा आग लावून राह्यले.

मामांनी बटण दाबलं आणि बोलले. आवाज शांत होता. "राम राम मंडळी. चित्र चांगलं हाय. पन माह्या हातात पराणी नसते, ते सबायले ठाऊक हाय. तेवढी काढून टाका."

उत्तर पंकजचं आलं. मामा, तुमचा हात रिकामा चांगला दिसून नाही राह्यला, मागून राह्यल्यासारखा वाटते. मग पुण्याहून नीलेश. त्यानं लिहिलं की पराणी हे फक्त प्रतीक आहे, काढली तर बघणाऱ्याला कळणार नाही, मामा ट्रॅफिक हवालदार वाटतील. त्यावर हसणारे चेहरे. मी संतापून लिहिलं की अरे, पराणीला बंदी आहे, तुम्ही छातीवर गुन्हा मिरवणार का, आणि ते सोडा, हा माणूस स्वतः सांगतोय ना? त्यावर मला काय उत्तर मिळालं? 'डॉक्टर, तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला डिझाईनमधलं काय कळतं.' घ्या. डिझाईनमधलं नसेल कळत, पुठ्ठ्यातलं कळतं.

नीलेशनं मग मतदान लावलं. पराणी ठेवायची की काढायची. म्हणे लोकशाही मार्गानं ठरवू. मामांनी मला विचारलं, "माह्या हातात काय होतं, त्याचं मतदान करून राह्यले हे?" मी मान खाली घातली. पराणी भरघोस मतांनी निवडून आली.

मामा पुन्हा बोलले. पुन्हा पुन्हा बोलले. कधी समजावून, कधी चिडून. एकदा तर म्हणाले, "मी तुमच्या पाया पडतो रे."  हा माणूस कोणाच्या पाया पडणारा नव्हता. आणि त्या दिवशी ग्रुपचा नियम बदलला. आता फक्त चालकच संदेश टाकू शकतील, वातावरण खराब होऊन राह्यलं म्हणून. म्हणजे नाव 'फक्त सुखदेवमामा', आणि बोलायची बंदी कोणाला, तर सुखदेवमामाला. मामा गेल्यावर मात्र ग्रुप पुन्हा सगळ्यांना खुला केला. मला आजही हे लिहिताना दातओठ खावेसे वाटतात. अरे, तुम्ही चाहते कोणाचे? माणसाचे की चित्राचे? चित्राचे असाल तर माणसाचं नाव कशाला लावता?

मामा एसटीनं चिखलीला गेले. एकटे जातील म्हणून मी बरोबर निघालो. पंकजनं उठून पाया धरले, खुर्ची दिली, चहा मागवला. वाईट मुलगा नाही तो, हेच जास्त चीड आणणारं आहे. मागं शर्टांचे गठ्ठे लागलेले.

मामांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "पंकज, तुह्या बापाच्या गळ्यात माळ होती. मी त्याले वळखत होतो."

"हाव मामा."

"घरात त्याचा फोटो असन."

"हाय ना मामा. रोज हार घालतो."

"त्याचा हात रिकामा असन फोटोत. चांगला दिसत नाही. त्यात दारूची बाटली देशीन का?"

पंकजचं तोंड उतरलं. बराच वेळ तो काउंटरवरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "मामा, छपाई झाली. लोकायनं घेतले बी. पुढच्या खेपीले काढतो, शपथ."

मामा उठले. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले. मी म्हटलं, "मामा, जाऊ द्या, तुम्हाला ओळखतात त्यांना खरं माहीत आहे."

"जे वळखत नाही, त्यायच्यासाठी बोलून राह्यलो मी," ते म्हणाले. "चार दिसानं मी नसीन. शर्ट राहीन."

मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नावाचं लागलंय. साहजिक आहे. पण त्यांना काय दिसत होतं ते मला मोताळ्याकडच्या पटाला कळलं.

त्या पटात मामांचा सत्कार होता. माझ्याकडे बैलांची तपासणी होती. सकाळपासून मैदानात जिकडं पाहावं तिकडं ते पिवळे शर्ट. छातीछातीवर मामा, हातात पराणी. मामा आले, कोणाकडे पाहिलं नाही, सरळ बैलांकडे गेले. मी तिथंच होतो. तेवढ्यात संतोष नावाचा एक शेतकरी आपला बैल घेऊन आला, जोडीतला दुसरा शेजाऱ्याचा होता. तिशीतला असेल, अंगात तोच शर्ट. बैल काळाभोर, कोवळा, पहिलाच पट. संतोषच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. म्हणाला, "मामा, दोन वर्सं तुमचे व्हिडिओ पाहून तयार केला याले. आज तुमीच पळवा."

मामांनी तळवा ठेवला. पाठीवरून पुठ्ठ्यावर आला आणि थांबला. बैलानं अंग चोरलं. मी पुढं होऊन केस बाजूला केले. जखमा ताज्या होत्या. एक तर अजून ओली होती.

मामा वाकून ती जखम पाहू लागले. मीच ओरडलो, "अरे, हे काय केलंस? व्हिडिओ पाहून तयार केला म्हणतोस, आणि टोचलं?"

संतोष गोंधळला. त्याला खरंच कळत नव्हतं आम्ही का रागावलो ते. "डॉक्टर, आधी नाही टोचलं ना. दोन वर्सं नुसता हात वर करत होतो, मामा करते तसा. नव्हता पळत म्हनावा तसा. मंग शर्ट आला." त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तवा समजलं. व्हिडिओत पराणी दाखवत नसन, बंदी हाय म्हनून. खरी गोष्ट शर्टावर छापली. मामाच घेते, तं म्या म्हटलं, आपुनबी घ्याव."

त्याचं काय चुकलं, सांगा. पंकजला वाटलं हात रिकामा दिसतो. नीलेशला वाटलं प्रतीक आहे. मतदानात ज्यांनी बोट लावलं त्यांना वाटलं, एवढं काय त्यात. आणि हा बिचारा प्रामाणिक माणूस, त्यानं सगळ्यांवर विश्वास ठेवला. त्या काळ्या जनावराच्या अंगात हे सगळे मिळून घुसले होते. मी बैल पळवायला नामंजूर केला आणि औषधाची पेटी आणायला गेलो. 

परत आलो तर स्पीकरवरून पुकारा चालू होता. "बैलाले कधी काठी न लावणारे, आपल्या जिल्ह्याची शान, सुखदेवमामा, जिथं कुठी असतीन तिथून स्टेजवर या." पिवळे शर्ट इकडून तिकडं पळत मामांना शोधत होते. संतोष बाजूला बसून रडत होता. शर्ट त्यानं काढला होता आणि पायाशी टाकला होता.

मामांनी बैलाला आंब्याच्या सावलीत घेतलं होतं. मी जखमा धुतल्या, औषध लावलं. बैल दर वेळी अंग आखडायचा आणि मामा त्याच्या गळ्याखाली हात घालून उभे राहायचे. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माह्या नावानं टोचलं याले, डॉक्टर."

स्पीकर पुन्हा ओरडला. म्हटलं, "मामा, जाऊन या. लोक थांबलेत."

"तुमी जा. सांगा, मामा कामात हाय."

मी निघालो. त्यानंतर मामा कुठल्याच पटाला आले नाहीत, आणि त्या हिवाळ्यात गेलेच. त्या दिवशी जाताना मांडवाच्या कोपऱ्यावरून मी एकदा मागं पाहिलं. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी हातात घेतला होता, आणि त्या दुपट्ट्यानं ते बैलाच्या जखमेवरच्या माशा वारत उभे होते.